हलकं झालेलं चाक

दुष्काळात माणसाला काय सुचंल याचा नेम नाही. तलवाड्याच्या अंगाला एक जलपर्यटन सहकारी संस्था होती, तिला शिडाचं जहाज सुचलं. चेअरमन विठ्ठलराव कोकणात कुणाच्या लग्नाला गेलते, तिथं एक जुनं जहाज नजरेत भरलं आणि पठ्ठ्यानं ते ट्रकवर घालून तलावात आणून सोडलं. ठराव मागाहून एकमतानं झाला. सहकारात असंच असतं, आधी बारसं, मग लगीन.

संस्थेचे सचिव मल्लिकार्जुन आप्पा. त्यांचं पाण्याच्या मोटारींचं दुकान, म्हणून संस्थेचे इंजिनिअरही तेच. उद्या उद्घाटनाला मंत्री यायचे होते. मंत्री जहाजाचं चाक फिरवणार, खूश होणार आणि मग आप्पा गावासाठी टँकर मागणार, असा बेत होता. विहिरी तळाला गेलत्या आणि तलावातलं उरलंसुरलं पाणी गुरंसुद्धा हुंगून सोडत होती. आप्पांची बायको शिवकांता उन्हातान्हात दूरच्या मळ्यातून हंडे आणत होती. तिनं सकाळीच बजावलं होतं, "टँकर घेतल्याबगर घरी येऊ नका."

आणि चाक काही फिरेना. दोघं लोंबकळले तरी फिरेना.

"करणी हाय," व्हाइस चेअरमन धोंडीराम म्हणाला. "विरोधी पॅनलची." त्यानं चाकाला लिंबू-मिरची बांधली.

विठ्ठलरावांना हे पटलं नाही, ते पडले शास्त्रीय विचाराचे. त्यांनी चाकाच्या बुडात डबाभर करडीचं तेल ओतलं. चाक जागचं हललं नाही, पण धोंडीराम तेलावरून घसरून सपशेल आपटला.

आप्पांनी डोकं चालवलं. पंप जाम झाला की आधी पट्टा काढून बघायचा, म्हणजे दोष मोटारीत का पंपात ते कळतं. चाकापासून सुकाणूपर्यंत तारेच्या दोऱ्या गेलेल्या होत्या. आप्पांनी खाली उतरून सुकाणूकडचं टोक सोडलं, तर वरचं चाक एका बोटानं गरागरा फिरलं. म्हणजे चाक निर्दोष होतं. मग त्यांनी सुकाणूचा दांडा हातानं ढकलून पाहिला. तो दगडागत घट्ट. शेवटी जहाजाच्या मागून पाण्यात बांबू घातला. पाणी चटकन संपलं आणि बांबू चिखलात शिरतच गेला.

"चेअरमनसाहेब," आप्पा म्हणाले, "सुकाणू गाळात रुतलंय. जहाज तरंगतच न्हाई, बसलंय."

विठ्ठलराव चाक फिरवण्यात दंग होते. "लई हलकं झालं की, आप्पा."

"दोऱ्या सोडल्यात मी. खाली काहीच जोडलेलं न्हाई."

"मग जोडता कशाला? मंत्र्याला चाक फिरवायचंय, जहाज न्हाई."

आप्पांच्या मनात बोलायचं होतं, पण त्यांना टँकर दिसत होता. त्यांनी दोऱ्या तशाच सुटलेल्या ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी मंत्री फळ्यांवरून जहाजात आले. चाक डावीकडं फिरवलं, टाळ्या. उजवीकडं फिरवलं, टाळ्या. जहाज तसूभर हललं नाही आणि त्याचं कुणाला काही वाटलंही नाही; संचालक मंडळाला याची वर्षानुवर्षांची सवय होती. मंत्री खूश झालेले बघून आप्पांनी हात जोडून टँकर मागितला.

मंत्र्यांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "आप्पा, ज्या गावात जहाज तरंगतंय तिथं टँकर पाठवला, तर पेपरवाले मला जगू देतील का?"

सगळे हसले. साहेब, ते तरंगत न्हाई, एवढंच म्हणायचं होतं. पण दोऱ्या सोडल्या होत्या आप्पांनीच. तेही हसले, आणि हसताना त्यांना स्वतःची किळस आली.

शिवकांता दारातच उभी होती. "मिळाला?"

"न्हाई. म्हनले, तुमच्या गावात जहाज तरंगतंय."

ती आत गेली, रिकामा हंडा आणून त्यांच्यापुढं ठेवला आणि स्वतःच्या डोक्यावरची चुंबळ काढून त्यांच्या डोक्यावर बसवली.

"मग जावा," ती म्हणाली, "जहाजात बसून जावा, न् भरून आणा."

आप्पांनी हंडा उचलला. मळ्याची वाट चौकातून जात होती, आणि चौकात अख्खं संचालक मंडळ चहा पीत बसलं होतं.