सातव्या सामन्याआधीची दाढी

जरा गालाजवळ कान आणा. त्या नाही, या. त्या गालावर आता कोणी राहत नाही.

मी ओरेस्ट हावरिलुकची दाढी. आज सकाळपर्यंत पूर्ण होते, आता अर्धीच उरले आहे. दाढी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर एखाद्या ऋषीची छातीवर रुळणारी दाढी आली असेल, तर ती आधी पुसून टाका. मी हनुवटीवर पांढरी, ओठाखाली तांबूस, आणि गालांवर कुठे आहे तर कुठे नाही. पेरणी करता करता यंत्र बंद पडावं तसं माझं रूप. रिंकवर, म्हणजे खेळाच्या बर्फाळ मैदानावर, कँटीन चालवणाऱ्या व्हर्नाने मला पहिल्यांदा पाहिलं आणि कागदी रुमाल पुढे केला. "ओरेस्ट, तोंडाला काहीतरी लागलंय, पूस."

मला कोणी हौसेने वाढवलेलं नाही. बॅजर्स, म्हणजे आमच्या गावचा आइस हॉकीचा संघ, बाद फेरीत पोचला की गावातल्या पुरुषांनी रेझरला हात लावायचा नाही, असा इथला रिवाज आहे. संघ हरेपर्यंत, नाहीतर चषक घरी येईपर्यंत. एरवी टापटीप राहणारे बँकेचे साहेब आणि चर्चमधले फादरसुद्धा त्या दिवसांत अस्वलासारखे हिंडतात. शेवटचा चषक आला तेव्हा ओरेस्ट शाळेत होता. तेव्हापासून माझ्या कितीतरी थोरल्या बहिणी बाळपणीच बेसिनमधून वाहून गेल्या. मी एवढी वाढले त्यात माझं कर्तृत्व शून्य, यंदा गोलकीपर बरा होता इतकंच.

पण माझ्या वाढण्याने ओरेस्टचं एक नुकसान झालं. त्याची आई, स्टेफानिया, गावातल्या वृद्धाश्रमात असते. हल्ली तिला फारसं काही आठवत नाही, तरी मुलाचा चेहरा तेवढा तिने घट्ट धरून ठेवला होता. रोज दुपारी ओरेस्ट तिला बीटाचं सूप भरवायला जायचा. मी आले आणि तिने तोंड फिरवलं.

"हा कोण दाढीवाला? मला नको याच्या हातचं. माझा ओरेस्ट येईल आता."

"आई, मीच ओरेस्ट."

"तू? माझा मुलगा देखणा आहे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ओरेस्टने भरलेली वाटी तशीच परत ठेवली. घरी येऊन त्याने नखं कापायच्या कात्रीने ओठावरची मिशी थोडी कमी केली, तेवढ्याने तरी ओळखेल म्हणून. तिने ओळखलं नाही, आणि त्याच संध्याकाळी आम्ही सहावा सामना हरलो.

अंतिम फेरीत जो आधी चार सामने जिंकेल त्याचा चषक. आमचे तीन झाले होते. सहावा जिंकला असता तर काम फत्ते होतं. जादा वेळात चकती, म्हणजे या खेळातला रबरी चेंडूच, आमच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून आत गेली आणि तीन-तीन अशी बरोबरी झाली. आता सगळं शनिवारच्या सातव्या सामन्यावर येऊन ठेपलं.

दुसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मयताला जमावेत तसे सगळे कॉफी घेऊन बसले होते. टायरवाला गार्नेट, ओरेस्टचा शाळेपासूनचा मित्र, उलटतपासणी घेत होता.

"आपण बर्फावर हरलेलो नाही. तुमच्यापैकी कोणीतरी काहीतरी बदललंय. मुकाट्याने सांगा."

एकाच्या बायकोने त्याचे सामन्याचे मोजे धुतले होते. त्याला समज देऊन सोडलं. तेवढ्यात व्हर्ना कॉफी ओतता ओतता थबकली. "ओरेस्ट, तुझा ओठ दिसतोय रे."

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. जन्मात मला इतका मान मिळाला नव्हता.

"थोडीशीच कापली," ओरेस्ट पुटपुटला.

"थोडीशीच? अरे, चकतीपण थोडीशीच आत गेली होती," गार्नेट म्हणाला. "शनिवारपर्यंत हिला हात लावलास तर याद राख. दिसायला भिकार आहे, पण आपली आहे."

का कापली, हे कोणी विचारलं नाही. ओरेस्टनेही आईचं नाव काढलं नाही.

शुक्रवारी आश्रमातून फोन आला. आजी दोन दिवस जेवत नाहीत, कोणाच्याच हातून घेत नाहीत, मुलाला बोलवा म्हणून बसल्या आहेत. शनिवारी सकाळी ओरेस्टने बॅजर्सची जर्सी घातली, रेझर आणि साबण खिशात टाकला आणि आईच्या खोलीत तिच्यासमोरच पाण्याचं भांडं घेऊन बसला. आपला चेहरा आतून बाहेर येताना तिला दिसला तर तिची खात्री पटेल, असा त्याचा हिशोब होता. मी काय बोलणार? साबणाच्या फेसाखाली मी डोळे मिटून घेतले. उजवा गाल साफ झाला. रेझर हनुवटीशी आला.

म्हातारी टक लावून बघत होती. चेहऱ्याकडे नाही, जर्सीकडे.

"आज खेळ आहे?"

"हो आई. सातवा."

"सातवा?" ती खुर्चीत ताठ झाली. "आणि तू दाढी करतोयस? ओरेस्ट, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? ठेव ते खाली. तुझा बाप असता तर घराबाहेर काढलं असतं तुला."

ओरेस्टच्या हातातला रेझर भांड्यात पडला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यापर्यंत ओघळत आलं, खारट आणि गरम.

"रडतोस काय गाढवा? सूप आण, भूक लागलीये."

तिने वाटीभर सूप संपवलं. फार गरम नाही ना, हे बघायला त्याने आधी स्वतः एक घोट घेतला, तेव्हा थोडं माझ्यावरही सांडलं. मी अजून जरा गुलाबी आहे.

संध्याकाळी अर्ध्या दाढीनिशी आम्ही रिंकवर पोचलो. गार्नेटने दोन्ही गाल पाहिले आणि शिवी द्यायला तोंड उघडलं.

"आईला भेटायला गेलो होतो," ओरेस्ट म्हणाला. "ती ओळखत नव्हती. अर्धी झाल्यावर तिनेच थांबवलं. नावाने हाक मारून."

ही बाई पूर्वी गाईच्या गळ्यातली घंटा बडवत पंचाला घाम फोडायची, हे गार्नेटने लहानपणापासून पाहिलं होतं. त्याने ओरेस्टच्या खांद्याला धरून त्याला बाकावर बसवलं आणि जरा वळवलं. "दाढीची बाजू आपल्या गोलकडे ठेव. हलू नकोस."

आता पंच मधल्या वर्तुळात चकती घेऊन उभा आहे. हरलो काय, जिंकलो काय, उद्या सकाळी मी जाणार. त्याचं दुःख नाही, माझ्यासारखीला एवढं आयुष्य पुष्कळ झालं. फक्त ओरेस्ट, एक ऐक. उद्या तू गुळगुळीत चेहऱ्याने जाशील आणि कदाचित तरीही ती विचारेल, हा कोण माणूस. तेव्हा चेहरा पुढे करू नकोस. एवढंच सांग की सातव्या सामन्याआधी मी दाढी करायला बसलो होतो. शिव्या देताना तिला तुझं नाव आठवतं.