आप्पांच्या चेहऱ्यावरचे वण

अमरेशनं ताकदीचा आकडा आणखी खाली आणला आणि बटण दाबलं. लेसरखालच्या फळीतून धूर निघाला आणि आप्पांच्या गालावर काळंकुट्ट भोक पडलं. मग कपाळावर, मग नाकाच्या शेंड्यावर. देवी येऊन गेल्यासारखा चेहरा! त्यानं फळी उचलून कोपऱ्यात भिरकावली.

उद्यमनगरात कॉम्प्युटरवरचं लेथ चालवण्यात त्याची उमेदीची वर्षं गेलेली. सोमवारची सुट्टी आली की मागच्या खोलीत हे घरी जुळवलेलं यंत्र घेऊन बसायचा. भंगारातल्या प्रिंटरचे रूळ, मुंबईहून मागवलेली लेसरची काचनळी, ती गार ठेवायला बादलीभर पाणी. दोन हजार नऊ सालात असले उद्योग घरी करणारा माणूस म्हणजे गल्लीच्या लेखी डोकं फिरलेलाच.

पण या खेपेला ती हौस नव्हती. काचबिंदूनं त्याच्या आईचे, बसव्वाचे, डोळे कधीच गेले होते. परवा जेवता जेवता ती म्हणाली, "तुज्या आप्पाचं तोंड आता ध्येनात येईना झालंय बग." म्हणाली आणि भाकरी कुस्करत राहिली. अमरेशचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला. वारलेल्या वडिलांचा, आप्पांचा, एकुलता एक फोटो त्यानं कॉम्प्युटरवर चढवला. जिथं ताकद कमी तिथं उथळ, जास्त तिथं खोल, असा चेहरा लाकडात उतरला की आईला तो हातानं चाचपता येईल, एवढाच त्याचा हिशेब.

आणि यंत्र काही ऐकेना. आकडा कितीही खाली आणा, जिथं जिथं छटा बदलायची तिथं भोक ठरलेलं. त्यानं तारा उपसल्या, पुन्हा जोडल्या, आरसे पुसले, यंत्राला शिव्या घातल्या. जळक्या लाकडाचा वास आला की बसव्वा बाहेरून विचारायची, झालं का रं? जे थोडंफार तिच्या ध्यानात उरलंय तेही उद्या गेलं तर काय करायचं?

विद्याश्री चहा घेऊन आली आणि नवऱ्याचा अवतार बघून तिथंच थांबली. जरा वेळ यंत्राकडं बघत राहिली.

"अवो, ते सारकं थांबतंय कशापायी?"

"चक वेग घेऊ दे की आदी," तो तिच्याकडं न बघता म्हणाला.

म्हणाला आणि पडद्यावरच्या आज्ञांच्या ओळी वर सरकवून बघू लागला. लेथचं चक, म्हणजे काम पकडून फिरणारा जबडा, पुरतं वेगात आल्याशिवाय टूल लावायचं नाही, हे त्याच्या हाडीमाशी खिळलेलं. म्हणून चालू करायच्या प्रत्येक आज्ञेनंतर थोडं थांबायची आज्ञा त्याचा हात आपोआप लिहीत होता. इथं फिरणार काय होतं, कपाळ? उजेड लागला की लागला. तेवढ्या थांबण्यात लाकूड जळत होतं, आणि हा शहाणा सकाळपासून आकड्यांशी भांडत बसलेला. त्याला हसूही आलं आणि स्वतःचा रागही आला.

थांबायच्या सगळ्या ओळी त्यानं काढून टाकल्या. संध्याकाळी आप्पा बिनवणाचे फळीवर उतरले.

बसव्वानं फळी मांडीवर घेतली. बोटं कपाळावरून नाकाच्या दांडीवर आली, तिथून खाली मिशीवर.

"मिशी जरा जास्तीच धरलीस," ती म्हणाली.

बोटं तिथनं हलेनात. आप्पा समोर आले की ती डोक्यावर पदर घ्यायची; ते गेल्यापासून घरात तिनं तो घेतल्याचं अमरेशला आठवत नव्हतं. तिनं मोकळ्या हातानं पदर ओढून घेतला आणि कपाळावर सारखा केला.