घड्याळाचे जनक

आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांपूर्वी, खापरखेड्याच्या कॉलनीत राहत असताना, गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एक विज्ञानकथा लिहिली होती. नाडी तपासणारं मनगटी घड्याळ! एका बाजूला सायकलच्या दुकानाची जाहिरात, दुसऱ्या बाजूला भजनी मंडळाच्या शुभेच्छा आणि मधे उरलेल्या जागेत ह्यांचं, म्हणजे सुमंतरावांचं, भविष्य. नायक शास्त्रज्ञ. त्याची बायको पानोपानी चहा आणते, तेवढंच तिचं काम.

आता तसली घड्याळं सदर बाजारातल्या दुकानांत मिळायला लागली, तर ह्यांच्या अंगातच आलं. भाजीवाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना सांगून झालं, "कल्पना माझी!" जणू दळण ह्यांनीच टाकलं होतं, जगाने पीठ तेवढं पळवलं. मुलीने, श्वेताने, ह्यांचं बीपी वाढतं म्हणून पुण्याहून एक घड्याळ पाठवलं. "चोरीचा माल मी घालत नसतो," म्हणाले. मग मीच घातलं. वाया कशाला घालवा?

मंगळवारी पोहे भिजवताना ते थरथरलं. पडद्यावर अक्षरं आली: हृदयाचे ठोके अनियमित. जिना चढताना मला धाप लागत होतीच, पण सांगणार कोणाला? श्वेताला फोन केला. ती घाबरून म्हणाली, "आई, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. बाबांना सोबत ने."

"अहो, चला. छाती धडधडून राहिली माझी," मी ह्यांना म्हटलं.

ह्यांनी माझं मनगट धरलं. घड्याळ वाचलं आणि चेहरा असा उजळला, जसा आमच्या लग्नातही उजळला नव्हता.

"पाह्य! माझ्या कथेत अस्संच होते! हात असाच ठेव वं." लगेच साप्ताहिक काढणाऱ्या मित्राला फोन. "वसंता, फोटोवाल्याले घेऊन ये गा. पुरावा भेटला!"

"मले भीती वाटून राहिली जी."

"बस ना थोडी. काहून घाई करून राहिली? अन् साडी तेवढी बदलून घे."

भीती होतीच. त्याहून जास्त संताप आला. ह्या माणसाला मी जन्मभर गरम पोळी वाढली! चपला घातल्या, खाली उतरले आणि एकटीच ऑटोत बसले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि लगेच भरती व्हायला सांगितलं. "सोबत कोण आहे? सही लागेल."

"माझीच घ्या," मी म्हटलं. "घरी एक द्रष्टे आहेत. त्यांना चाळीस वर्षं पुढचं दिसतं, बायको दिसत नाही."