बांधाखालून आलेली खाडी

पेणकरपाड्याच्या बाळाला एक गोष्ट पक्की ठाऊक होती, बांध घातला की खाडी आत येत नाही. बापाबरोबर मिठागरात राबलेला माणूस तो. चिखल थापून थापून त्यांनी भरतीचं पाणी शेताबाहेर ठेवलेलं.

त्याची विहीर गोड होती हो, अख्खा पाडा तिच्यावर वाढला. मग टॉवर उठले, टँकरवाले पाणी विकत घ्यायला दारात आले, बाळानं मोटर बसवली. पाणी उतरलं, मोठी मोटर. आणखी उतरलं, तळाला बोअर. विहिरीशेजारचा ओढा पूर्वी होळीपर्यंत वाहायचा, तो दिवाळीलाच कोरडा पडायला लागला.

"ओढ्याचं पानी आपलीच मोटर खेचते," त्याची बायको सावित्री म्हणायची.

"ओढा काय तुज्या माहेरनं आनलाय?" म्हणून बाळा हसायचा.

आता पोरीचं, चांदणीचं लग्न निघालं. नवरीच्या हळदीचं पाणी घरच्याच विहिरीचं, ही त्यांची रीत. बायका गाणी म्हणत विहिरीवर गेल्या, हळदकुंकू वाहिलं, कळशी भरली. सावित्रीनं ओंजळभर तोंडात घेतलं नि थुंकलं.

"खारट हाय."

"मशेरी लावलीस ना सकाळी?"

"तुमीच प्या मग."

बाळा प्यायला. थुंकला नि तडक बांधावर गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं चाचपला. कुठं खेकड्याचं भोकसुद्धा नाही. मिठागरातला जुना जोडीदार दाजी तिथंच बसलेला. बाळानं त्याला विहिरीचं सांगितलं.

"काय शोधतोस? बांध वरती हाय रं," दाजी म्हणाला. "जमिनीखाली कुनी घातलाय? गोड्या पान्याचा भार व्हता तवर खाडी लांब व्हती. भार तूच उपसलास."

"मोटर बंद करतो. गोडं येल परत?"

"येल. लई पावसाळं जातील. आपन दोगं नसू तवा."

बाळानं मोटरीचा फ्यूज उपटला आणि घरी आला. मांडवात बायका कुजबुजत होत्या, सोसायटीच्या नळाचं आणा, कुणाला कळतंय. पिवळं लुगडं नेसून पाटावर बसलेली चांदणी म्हणाली, "आये, आपल्याच हिरीचं घाल."

सावित्रीनं घातलं. पोरीचे डोळे चुरचुरले, तिनं ते गच्च मिटून घेतले. बायकांनी गाणं धरलं, पण आवाज काही चढेना. बाळा फ्यूज हातात घेऊन मांडवाच्या खांबाला टेकून उभा. तो कुठं ठेवावा, तेच त्याला सुचत नव्हतं.