चाँदाच्या पाच तोफा

गयास लढाईवरून परतला तेव्हा हातपाय सगळे जागच्या जागी होते. त्याच्या बायकोने, जोहराने, त्यासाठी दर्ग्यात चादर चढवली. छातीत काय भरून आणलं आहे ते मागून कळलं. खोकल्याची उबळ आली की तो भिंत धरून वाकायचा, आणि घरातलं वारं जणू थांबून ऐकायचं. हात मात्र तेच होते. रुंद, विणकराचे.

रिसाल्यात जाण्याआधी तो हिमरूच्या शाली विणायचा. आल्यावर पुन्हा मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला. चार दिवस धोटा पळाला. पाचव्या दिवशी त्याने कुठून तरी कुदळ आणली आणि तो खड्डा खणायला लागला. गुडघ्याएवढा होता तो कमरेएवढा झाला, मग छातीएवढा.

"मियाँ, विहीर खणताव का काय?" शेजारची साळूबाई दारातून म्हणाली. "पाणी लागलं तर आम्हालाबी एक घागर द्या."

गयास हसला नाही. "तोफ सुटली की माणसाला खाली जागा पाहिजे, मावशी."

शबेबारातच्या रात्री गल्लीत फटाके उडाले. गयासने तीन वर्षांच्या लेकीला, गुलशनला, उचललं, खड्ड्यात उडी टाकली आणि तिच्या तोंडावर पंजा दाबून धरला. जोहरा आणि साळूबाईने ओढून ओढून पोर सोडवली. तिच्या गालावर चार बोटं निळी उमटली होती.

दुसऱ्या दिवशी तो माणसात आला, ती बोटं बघून रडला, आणि पहिल्यांदाच बोलला. शामच्या मुलखात, सीरियाकडे, एका खंदकात तो आणि त्याचा जोडीदार नूरमोहम्मद अडकले होते. नूरच्या पोटात गोळी. तो कण्हत होता, आणि दुश्मनाचे घोडे दहा पावलांवर.

"मी त्याचं तोंड दाबलं, जोहरा. घोडे गेले. हात काढला तर नूर गार." मग तो स्वतःच्या पंजाकडे परक्याकडे बघावं तसं बघत राहिला. "कुणी कण्हलं की हा आपणहून जातो. ओढला की घट्ट होतो. माझं ऐकत नाही."

आणि रमजान तर उंबऱ्यावर आला होता. चाँद दिसला की किल्लेअर्काच्या बुरुजावरून पाच तोफा, मग महिनाभर रोज मगरिबला, रोजा सोडायला, एक. जोहराने फुलंब्रीला भावाला, करीमला, सांगावा धाडला: रमजानआधीच्या शाबान महिन्याच्या तीस तारखेला सकाळीच बैलगाडी घेऊन ये, गुलशनला महिनाभर घेऊन जा. पोर जगली पाहिजे, एवढंच एक तिच्या मनात. बाकीचं अल्ला बघेल.

एकोणतिसाव्या दिवशी, चाँद आज नाहीतर उद्या अशा संध्याकाळी, वळवाचं आभाळ भरून आलं. गुलशन निजली होती, गयास भिंतीला टेकून शांत बसला होता. घरात पाण्याचा थेंब नाही. जोहरा घागर घेऊन कोपऱ्यावरच्या हौदावर गेली.

"काल अवस झाली," साळूबाई घागर बुडवत म्हणाली. "तुमचा चाँद आज दिसतो का काय?"

"या ढगांत कुठला दिसतो, मावशी? उद्याच."

"तरी पोरीला माझ्याकडं आणून टाक."

"नको, आत्ताच डोळा लागलाय. सकाळी करीमभाई येतोच."

मावळतीला ढगाला जरा चीर पडली. कोयरीच्या टोकाएवढी. जोहराची पाठ तिकडे होती.

पहिली तोफ झाली तेव्हा घागर तिच्या हातातून सुटली. ती पळाली. मागून साळूबाई पळाली.

अंथरूण रिकामं होतं. मागाची तार तुटून लोंबत होती. खड्ड्यात गयास दबून बसला होता, मांडीत गुलशन, आणि पंजाच्या वर पोरीचे नुसते डोळे. मोठे, कोरडे, आईकडे लागलेले.

दुसरी तोफ. पंजा आणखी रुतला.

जोहराचे हात पुढे झाले आणि तिथंच थांबले. ओढायचं नव्हतं. ओढलं तर पोर गेली.

ती गुडघ्यावर बसली, खड्ड्यात सरकली, त्याच्या अंगाला अंग लावून आडवी झाली. आणि कण्हायला लागली. बाळंतपणात कण्हली होती तशी, पोटातून, खोल. साळूबाईने तोंडाला पदर लावला. बाई वेडी झाली, असंच तिला वाटलं.

गयासची मान वळली. तो ऐकू लागला. पोरीच्या तोंडावरचा पंजा सैल पडला, उचलला गेला, आणि कण्हणं जिथून येत होतं तिथं, जोहराच्या तोंडावर, येऊन बसला.

डोळ्यांनीच तिने साळूबाईला खुणावलं. साळूबाईने वाकून पोर काखेला धरून वर उचलली आणि वाऱ्यासारखी बाहेर गेली.

तिसरी तोफ. जोहराचं नाकही त्या पंजाखाली गेलं होतं. चौथीला अंगणापलीकडून आवाज आला:

"जोहरा! रडतीया ग पोरगी! रडतीया!"

जोहराने ते ऐकलं. डोळ्यांच्या कडेने पाणी वाहिलं, ते गयासच्या बोटांवरून खाली गेलं. आता कण्हायचं कारण उरलं नव्हतं. ती गप्प झाली. हात निघाला नाही.

पाचवी तोफही होऊन गेली. गल्लीत दारं उघडली, माणसं गळाभेटी घेऊ लागली. मग कुणीतरी हसत हसत यांच्या दाराची कडी वाजवली.

"गयासभाई! चाँद मुबारक! आहात का घरात?"

गयासने श्वास रोखला, डोकं खाली घेतलं, आणि पंजा आणखी घट्ट केला.