पट्ट्याची भोकं

आदिती बॅले शिकते हे पद्मावतीनं गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. लेक एकाशन करते हे मात्र घरोघरी सांगून झालं होतं. जैनांच्या दशलक्षण पर्वात पोरगी दिवसातून एकदाच जेवायला लागली आणि पर्व संपलं तरी तिनं ते सोडलं नाही. बायका मंदिरात कौतुक करायच्या, पद्मावती फुलून यायची. कौतुक कुणाला कडू लागतं?

मुंबईच्या एका संस्थेत निवड व्हायची तर आधी तोल दाखवावा लागणार होता. त्यासाठी क्लासच्या प्रियदर्शनी मॅडमनी आदितीला एक अ‍ॅप दिलं होतं. फोन पट्ट्यानं कमरेला बांधायचा, डोळे मिटून एका पायाच्या चवड्यावर उभं राहायचं. अंग किती डुलतं ते फोन मोजायचा आणि गुण द्यायचा. आदिती रोज खोलीचं दार लावून मोजायची.

एका दुपारी मॅडमचा फोन आला. गुण सारखे घसरतायत, पोरगी नीट जेवते का, असं त्या विचारत होत्या. पद्मावतीच्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्यात व्रतं असतात, तुम्हाला कळायचं नाही, असं तिनं सुनावलं.

पण शब्द डोक्यातून जाईनात. संध्याकाळी ती खोलीत शिरली आणि पट्टा स्वतः लेकीच्या कमरेला बांधायला लागली. पट्टा मूळच्या शेवटच्या भोकातही सैल. त्याच्या पुढं आणखी तीन भोकं, कंपासच्या टोकानं पाडलेली. हाताला नुसती हाडं लागली.

"ही भोकं कशापायी पाडलीस?"

"जड अंग जास्त डुलतं, आई. हलकी झाले की गुण वाढतील."

"वाढले?"

"न्हाय. अजून कमी करायला पायजे."

लेकीच्या उपासमारीचं कौतुक ती स्वतःच गावभर मिरवत होती. तिनं घाईनं ताट वाढलं, भाकरी आणि मुगाची आमटी.

आदितीनं खिडकीकडं पाहिलं. "दिवस मावळला की. आता जेवायचं न्हाय."

हे तिला पद्मावतीनंच शिकवलं होतं. लग्न होऊन आल्यापासून तिनं स्वतः अंधार पडल्यावर तोंडात कण घातला नव्हता. ती ताटासमोर बसली, भाकरी मोडली आणि पहिला घास आपल्याच तोंडात घातला. चावून गिळला.

"पाप लागलं तर मला लागू दे. तू खा."

आदितीनं तुकडा उचलला. तो हातातच राहिला. "उद्या गुण अजून पडले तर?"

पद्मावतीनं दुसरा घास घेतला.