पाटाच्या पाण्याचं गाणं

आडवी बाटली हरली तेव्हा चंदाबाई शाळेच्या भिंतीला टेकून उभी होती. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दारूचं दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. आलेल्या जवळजवळ सगळ्या बायांनी आडवीवरच शिक्का मारला होता. पण यादीतल्या निम्म्याहून जास्त बायांची मतं आडवीला पडायला हवी होती, आणि तांड्यातल्या अर्ध्या बाया दिवाळीनंतर ऊसतोडीला निघून गेल्या होत्या.

"ज्या आल्या न्हाईत, त्येंचं काय?" चंदाबाईनं मतमोजणीच्या साहेबाला विचारलं.

"मावशी, न आलेली बाई आडवीच्या बाजूनं मोजता येत नाही. नियम आहे," साहेब खाली मान घालून म्हणाला.

फाट्यावरच्या दुकानापुढं फटाके वाजले. बाया पांगल्या.

दहा वर्षं चंदाबाई या कामात होती. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याकाठी तिचा तांडा. पंच्याण्णव साली तिनं बाया गोळा करून हातभट्टीची मडकी फोडली, तेव्हा पुढं तीच होती, गातही तीच होती. सेनगावपासून औंढ्यापर्यंत जिथं दारूबंदीची सभा, तिथं चंदाबाईचं गाणं ठरलेलं:

दारूच्या पाण्या, वरून येतोस,
कोणाचं घर धुवून आलास?

तिचं स्वतःचं घर धुतलं गेलं होतं, हे तांड्याला माहीत होतं. फोडलेल्या मडक्यांत पहिलं मडकं तिच्या नवऱ्याचं, धर्मसिंगचं होतं. तेव्हापासून दोघं एका छपराखाली राहायची, पण बोलायची नाहीत. तिच्या हातची भाकर तो खायचा आणि फाट्याकडं जायचा.

मतदानानंतर आठवडाभरानं मुलानं, कुलदीपनं, त्याला नांदेडच्या दवाखान्यातून जीपमध्ये घालून परत आणलं. डोळे हळदीसारखे पिवळे, पोट फुगलेलं.

"डॉक्टर काय म्हणला?"

"घरी न्या म्हणला, याडी," कुलदीप आईला म्हणाला.

चंदाबाईनं बाज ओसरीवर घातली. दोन दिवस ती त्याला चमच्यानं पाणी पाजत राहिली. तिसऱ्या दिवशी दुपारी धर्मसिंगनं तिचा पदर धरला.

"चंदे, ते म्हण की."

"काय म्हणू?"

"पाटाचं. तू घागर घेऊन यायचीस, तवाचं."

लग्नाआधी धर्मसिंग कालव्याचा गाळ काढायला वरच्या अंगाला असायचा आणि ती खाली पाणी भरायची. तेव्हा तिनं त्याच्यावर गाणी रचली होती. होळीला बायांच्या घोळक्यात ती म्हणायची, आणि कुणाचं नाव न घेताही सगळ्या तांड्याला कळायचं. पुढं दारूविरुद्ध गाणं हवं झालं तेव्हा तिनं त्यातल्या पाटाच्या गाण्याचीच चाल घेतली. बायांच्या तोंडात ती आधीच बसलेली होती.

तिनं घसा खाकरला, डोळे मिटले आणि सुरू केलं. तोंडातून आलं, "दारूच्या पाण्या, वरून येतोस..."

धर्मसिंगनं मान हलवली. "हे न्हाई. ह्या तर मला घातलेल्या शिव्या हायेत."

तिनं पुन्हा सुरुवात केली. चाल बरोबर होती, पण शब्द दुसरेच येत होते. भट्टी, पोलीस, फुटलेलं कपाळ. ती मध्येच थांबली आणि म्हणाली, "पडा जरा. आठवून सांगते."

सकाळी ती पारुबाईकडं गेली. पारुबाई तिच्या बरोबरीची, होळीला तिच्या मागं गाणं ओढायची. अंगणात तूर पाखडत बसली होती.

"मला तरी कुठं येतंय?" पारुबाई म्हणाली. "दहा वर्सं तूच दुसरं म्हणायला लावून राहिलीस."

"आठव की गं. त्यो मागून राहिला."

पारुबाईनं सूप बाजूला ठेवलं. दोघी चाल गुणगुणत राहिल्या, अडखळत, परत मागं जात. पहिलं कडवं पारुबाईला सापडलं. दुसरं दोघींनी मिळून जुळवलं.

"तिसरं बी होतं," चंदाबाई म्हणाली.

"होतं. त्यात तुझं लाजणं होतं."

"काय होतं ते?"

पारुबाईनं बराच वेळ आठवून पाहिलं. "गेलं बाई ते."

चंदाबाई वाटेनं शब्द पुटपुटत घरी आली. धर्मसिंग जागा होता. ती बाजेच्या पायथ्याशी बसली आणि गाऊ लागली:

पाटाच्या पाण्या, वरून येतोस,
त्याचे हात धुवून आलास का?
थांब जरासा, घागर भरते,
त्याचा हात मला लागू दे.

आवाज जाडा झाला होता, वरच्या सुराला फाटत होता. तरी तिनं दोन्ही कडवी पुरी केली. धर्मसिंग तिच्याकडं टक लावून बघत होता.

"ग्वाड म्हणतीस," तो म्हणाला. "कोणाची गं लेक तू?"

"मी चंदा."

"हळू म्हण पोरी. माझी बायको घरात हाय. लई भांडकुदळ. तिला गाणं खपत न्हाई."

चंदाबाईनं त्याच्या पायावरची गोधडी नीट केली. "तिला न्हाई सांगत," ती म्हणाली, आणि पहिल्यापेक्षा हळू आवाजात पुन्हा म्हणू लागली. तो लहान पोरासारखा ऐकत झोपी गेला. त्यानंतर त्यानं तिला ओळखलंच नाही. गाणं ऐकल्याच्या चौथ्या दिवशी तो गेला.

मातीला गेलेली माणसं येताना फाट्यावर थांबून आली. कुलदीप सगळ्यांत शेवटी आला. दारात त्यानं तिच्या पायावर डोकं ठेवलं तेव्हा त्याच्या तोंडाचा वास तिला आला. आजवर अशा वासावर ती गरजली नाही असं झालं नव्हतं. त्या दिवशी तिनं फक्त पाय मागं घेतले.

होळीच्या आधी ऊसतोडीच्या बाया परतल्या. त्यांना सगळं कळलं. चार-पाच जणी तिच्या ओसरीवर येऊन बसल्या.

"चंदाबाई, आमी असतो तर झालं असतं," एक जण म्हणाली. "पुन्हा मतदान लावू. तुमी फकस्त गाणं धरा."

"तवा बी तुमी कोयता घेऊन फडातच असाल की," चंदाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता.

पारुबाईनं तिचा हात धरला. "बरं, ते राहू दे. ते जुनं म्हण. होळी हाय."

चंदाबाईनं तोंड उघडलं. पहिली ओळ पाटाची आली, दुसरी दारूची. तिनं पुन्हा धरलं. पुन्हा तसंच झालं.

"दोन्ही एकात एक गेलीत, पारू," ती म्हणाली. "आता कोणतंच निघत न्हाई."

बाया एकेक करून उठून गेल्या. त्या वर्षीची होळी तांड्यातल्या पोरांनी कॅसेट लावून केली. चंदाबाई घरातच होती. पुढं तिला कुणी गायला बोलावलं नाही, आणि कुणी बोलावलं असतं तरी ती गेली नसती.